उघडलेच नाही त्या इंजिनाचे 1,38,500 रुपये

कोल्हापुरातील एका गॅरेजने माझ्या गाडीच्या इंजिनाचे संपूर्ण काम केले असे सांगून माझ्याकडून 1,38,500 रुपये घेतले आणि प्रत्यक्षात ऑइल काढण्याचा बोल्ट वगळता त्या इंजिनाला कुठेही पाना लावला नाही. वकिलांच्या सल्ल्यामुळे गॅरेजचे नाव येथे देत नाही. मात्र जे घडले ते सगळे, आकड्यांसह, लिहीत आहे, कारण हाच प्रकार उद्या दुसऱ्या कोणाच्या गाडीवर होणार आहे याविषयी मला शंका नाही.

माझी गाडी 2012 ची स्कोडा लॉरा आरएस, 1.8 लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, 160 पीएस, सहा गिअर. या कामाच्या वेळी ती 1,84,000 किलोमीटर चालली होती. एवढ्या जुन्या आणि एवढ्या चाललेल्या गाडीवर कशाला खर्च करता, असे मला अनेकांनी ऐकवले आहे आणि फसवणुकीनंतर तर तेच लोक अधिक उत्साहाने ऐकवत आहेत. ज्याने असे इंजिन वर्षानुवर्षे वेळेवर ऑइल बदलून, गरम झाल्याशिवाय न ताणता, धाप लागल्यावर क्षणभर शांत चालवून मग बंद करत सांभाळले आहे, त्याला हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. जपले तर हे इंजिन दोन लाखांच्या पुढेही उत्तम चालते. त्याची दुखणी ठाऊक असलेली आहेत: पिस्टनच्या ऑइल रिंगा नाजूक असून त्यांच्या खाचेतील ऑइल परत जाण्याची बारीक भोके काजळीने बुजतात आणि इंजिन ऑइल पिऊ लागते, इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारले जात असल्याने इनटेक व्हॉल्व्हची (हवा आत घेणाऱ्या झडपांची) पाठ पेट्रोलने धुतली जात नाही आणि तिच्यावर काजळीचे थर चढतात, आणि त्या काळातील इंजिनांत टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारी साखळी, ताणून धरणारा जो टेन्शनर होता तो पुढे सुधारित घडणीचा करावा लागला. सकाळी थंड इंजिन सुरू करताना पहिले दोन-तीन सेकंद साखळीचा खडखडाट ऐकू आला, तर तो याच टेन्शनरचा इशारा समजावा आणि त्या दिवसापासून गाडी वापरू नये.

माझ्या गाडीला यांपैकी दोन दुखणी लागली होती. दर हजार किलोमीटरला साधारण लिटरभर ऑइल कमी होत असे, म्हणजे कंपनी जी अर्ध्या लिटरची मर्यादा मान्य करते तिच्या दुप्पट, आणि सकाळचा खडखडाटही सुरू झाला होता. एका जवळच्या नातेवाइकाने या गॅरेजचे नाव सांगितले. तेथे दोन जर्मन गाड्या लिफ्टवर होत्या, स्कॅनर होता, भिंतीवर प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे होती. मालकाने खडखडाट ऐकताच टेन्शनरचे नाव घेतले, रिंगांचे कारण अचूक सांगितले, इतकेच नव्हे तर माझ्या कूलंटच्या टाकीत डोकावून मला बोलही लावले. आदल्या उन्हाळ्यात कराडजवळ होज गळाल्यामुळे मी टाकीत साधे पाणी भरले होते आणि मूळचे गुलाबी कूलंट गढूळ तांबूस झाले होते. ‘‘साहेब, असं पाणी घातलंसा तर हेडच्या वाटा कुजतील की. हेड उतरलं की हे सगळं काढून टाकतो,’’ असे त्यांचे शब्द होते. हेड म्हणजे सिलिंडरवर बसणारा इंजिनाचा वरचा भाग. ज्याला दुखणे इतके नेमके कळते तो इलाजही करील, असे कोणीही मानले असते.

कामाचा तपशील त्यांनी हाताने लिहून दिला तो असा: टायमिंग चेन, टेन्शनर आणि गाइड 38,000, पिस्टन रिंगांचा संच 29,500, गॅस्केट संच 11,000, हेडचे मशिनिंग 8,500, ऑइल आणि फिल्टर 6,500, मजुरी 45,000. एकूण 1,38,500. साठ हजार मी आगाऊ यूपीआयने पाठवले. उरलेले 78,500 त्यांनी रोख मागितले, कारण पक्के बिल केले तर वर 18 टक्के जीएसटी लागेल असे ते म्हणाले. ही रोख मागणी ज्या क्षणी होते त्याच क्षणी गाडीची किल्ली परत घ्या. पुढे पोलिसांपासून विमा कंपनीपर्यंत प्रत्येक दारात मला पहिला प्रश्न पक्क्या बिलाचाच विचारला गेला.

गाडी ताब्यात घेताना जे घडले ते आठवले की आजही संताप अनावर होतो. बॉनेट उघडले तेव्हा इंजिनाचे वरचे झाकण लखलखत होते. शेजारी गोणपाटावर जुने भाग मांडून ठेवले होते: एक साखळी, एक टेन्शनर, काळ्या रिंगा. मी ते हातात घेऊन पाहिले, साखळी कोरडी होती आणि तिच्यावर धूळ चिकटलेली होती, जेव्हा की इंजिनातून नुकतीच निघालेली साखळी ऑइलने निथळत असते. मग माझी नजर कूलंटच्या गोल पांढरट टाकीवर गेली. आत तेच गढूळ तांबूस पाणी होते आणि त्याची पातळी मी गाडी सोडली तेव्हा होती तेथेच, खालच्या रेषेच्या किंचित वर, होती. रिंगा बदलायच्या तर हेड उतरवावे लागते, आणि कूलंट पूर्ण काढल्याशिवाय हेड उतरत नाही. त्यांनीच मला बोल लावलेले ते पाणी तेथे तसेच होते. मी विचारलेही. मालकांनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितले की नवे कूलंट कंपनीकडून यायचे आहे, तोपर्यंत जुनेच गाळून परत भरले आहे, ते आले की फुकट बदलून देतो.

गाळून परत भरले! हे वाक्य मी तेव्हा मान्य केले यावरून मला नावे ठेवणाऱ्यांना मी एवढेच विचारतो की, समोर सुटे भाग मांडलेले, गाडी पहिल्या किल्लीत सुरू झालेली, मालक हसतमुख, आणि तुम्ही पेशाने हिशेबनीस. अशा वेळी तुम्ही इंजिन परत खोलून दाखवा म्हणाला असता का? उद्यमनगरच्या, म्हणजे यंत्रकामाच्या वसाहतीच्या, शहरात राहणाऱ्या प्रत्येकाला इंजिन कळते असा इथे एक समज आहे. मला माझी गाडी कळते. लबाडी ओळखणे हे माझे काम नाही.

त्या बिलात कूलंटची ओळच नव्हती. हेडच्या बोल्टचीही नव्हती, आणि या इंजिनात ते बोल्ट एकदा कसले की ताणले जातात, म्हणून हेड उतरवले की नवेच वापरावे लागतात. बिल वाचताना काय लिहिले आहे ते सगळेच पाहतात. जे काम सांगितले आहे त्याला अटळपणे लागणाऱ्या कोणत्या वस्तू त्यात लिहिलेल्या नाहीत ते पाहा. आणखी एक गोष्ट: निघताना त्यांनी मला ‘‘आता खुशाल पळवा’’ असे सांगितले. नव्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीशी बसेपर्यंत पहिले काही शे किलोमीटर गाडी बेताने चालवायची असते आणि त्यानंतर ऑइल लवकर बदलायचे असते. रिंगा बदलून रनिंग-इनचा शब्दही न काढणारा मेकॅनिक एक तर अडाणी असतो किंवा त्याने रिंगा बदललेल्या नसतात.

पहिले काही आठवडे गाडी खरोखर बरी चालली, ऑइलही कमी प्यायली. त्याचे कारण पुढे कळले. या इंजिनाला व्हीडब्ल्यू 502 00 या मानकाचे पातळ सिंथेटिक ऑइल लागते. त्यांनी 20डब्ल्यू-50 हे जाड ऑइल आणि त्यात दाटपणा आणणारे रसायन ओतले होते. दाट ऑइल झिजलेल्या रिंगांवरून कमी वर चढते, म्हणून रोग झाकला जातो. पण टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो आणि थंड, दाट ऑइल त्याच्यापर्यंत उशिरा पोहोचते, म्हणजे ज्या भागाचे पैसे घेतले त्याच भागावर त्यांनी अधिक भार टाकला. खडखडाट परत आला तेव्हा मी फोन केला. ‘‘नवीन चेन आहे, जरा बसू दे,’’ असे उत्तर मिळाले. नवीन साखळी खडखडत नाही. खडखडते असे कोणी म्हटले तर तो खोटे बोलतो आहे.

पन्हाळ्यावर उतारावर गाडी गिअरमध्ये उभी केली होती. हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी थोडी मागे सरकली, इंजिन उलटे फिरले आणि टेन्शनरने पकड सोडली. परत येऊन किल्ली फिरवली तेव्हा एक कर्कश आवाज झाला, इंजिन थरथरले आणि बंद पडले. जुन्या टेन्शनरच्या गाड्या उतारावर केवळ गिअरच्या भरवशावर कधीही उभ्या करू नका; हँडब्रेक नीट ओढा आणि चाकाखाली दगड लावा. गाडी ओढून कोल्हापुरात आणायला 3,200 रुपये लागले.

या वेळी इंजिन माझ्यासमोर खोलले गेले. उद्यमनगरातील एका ज्येष्ठ मिस्त्रींनी आधी खालच्या टायमिंग कव्हरवरील रबरी बूच काढले आणि बॅटरीच्या उजेडात मला आत पाहायला सांगितले. आत जुन्या घडणीचा टेन्शनर होता. कव्हरच्या बोल्टांच्या डोक्यांत ऑइल आणि धुळीचा घट्ट लगदा बसलेला होता. तो त्यांनी स्क्रू ड्रायव्हरने खरवडला तेव्हा कुठे आत पाना शिरला. सिलंट कारखान्यातले, कडक झालेले. चेंबरमधून काढलेले ऑइल काकवीसारखे दाट पडत होते. हेड उतरल्यावर पिस्टनच्या माथ्यावर काजळीचा जाड थर, रिंगांच्या खाचा बुजलेल्या आणि आठही इनटेक व्हॉल्व्ह वाकलेले दिसले, कारण साखळी दात सोडून सरकली की या इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात. हे सगळे फोटो आणि चित्रफितीसह नोंदवून ठेवले आणि एका चार्टर्ड इंजिनिअरकडून 6,000 रुपये देऊन लेखी दाखला घेतला. इंजिन दुरुस्तीचा खर्च 2,16,300 रुपये आला. पहिल्या गॅरेजला दिलेले पैसे, गाडी ओढण्याचा खर्च आणि दाखला धरून माझे 3,64,000 रुपये गेले.

आता यंत्रणेविषयी. पोलीस ठाण्यात मी फोटो, यूपीआयची नोंद, हस्तलिखित बिल आणि इंजिनिअरचा दाखला घेऊन गेलो. अंमलदारांनी पहिले पान उलटण्याआधीच ‘‘हा दिवाणी वाद आहे’’ असा निकाल दिला. काम बिघडले तर तो दिवाणी वाद असेल. पण जे काम केलेच नाही ते केले असे सांगून, परके सुटे भाग पुरावा म्हणून दाखवून पैसे घेणे याला भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये फसवणूकच म्हटले आहे. हे मी सांगितले तेव्हा मला कायदा शिकवू नका असे सुनावण्यात आले. अर्जावर आवक शिक्का मिळवण्यासाठीही मला ताटकळावे लागले. पुढे गॅरेजमालकाला बोलावले गेले, आणि मला न्याय देण्याऐवजी दोघांनी समजुतीने मिटवा असा आग्रह झाला. मालकाने 15,000 रुपये देऊ केले, तेही मी तक्रार मागे घेतली तर. त्या खोलीत माझ्याकडे असे पाहिले जात होते, जणू हटवादी मीच आहे. वाहनांशी संबंधित सरकारी कार्यालयाने गॅरेज आमच्या अखत्यारीत येत नाही म्हणून कर विभागाकडे पाठवले. कर विभागाच्या खिडकीवर बिलावर जीएसटी क्रमांकच नाही तर तक्रार कोणाविरुद्ध नोंदवायची असे विचारले गेले. क्रमांक नाही हीच तर तक्रार होती! विमा कंपनीने यांत्रिक बिघाड पॉलिसीत बसत नाही एवढे एका ओळीत कळवले. एका शहरात शेकडो लोक लाखोंच्या गाड्या ज्यांच्या हाती सोपवतात, त्यांच्यावर कोणाचीच देखरेख नाही, हे मला स्वतःचे पैसे गमावून कळले आणि ते कळल्याचा राग गॅरेजवरच्या रागापेक्षा कमी नाही.

ठाण्यात गुन्हा नोंदवून घेत नसतील तर तेथे वाद घालत बसू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) नुसार माहितीचा लेखी मजकूर टपालाने थेट पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येतो. मी तो पाठवला आहे. ग्राहक आयोगाकडेही तक्रार दाखल केली आहे. दिलेला मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर तेथे शुल्क लागत नाही आणि वकील सक्तीचा नाही.

गाडीच्या बाबतीत मी आता साखळीच्या कामाआधी आणि कामानंतर स्कॅनरवरील कॅमशाफ्टच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) कोनाचे आकडे छापून घेतो. साखळी ताणलेली असेल तर ते सरकलेले दिसतात आणि नवी बसली की बदलतात, त्यात बोलबच्चनगिरी चालत नाही. हेड उतरलेले असताना स्वतः जाऊन पाहा, वेळ नसेल तर घरच्या कोणाला पाठवा. गाडी देण्याआधी कव्हरच्या बोल्टांवर नेलपॉलिशचा ठिपका द्या. गोणपाटावर मांडलेल्या जुन्या भागांवर विश्वास ठेवू नका, ते कुठल्याही गाडीचे असू शकतात. ते निघताना पाहा.

याच पद्धतीने कोणाच्या गाडीचे काम झाले असेल आणि हाती फक्त हाताने लिहिलेला कागद असेल, तर तो फाडू नका. यूपीआयची नोंद आणि गॅरेजशी झालेले संदेश त्याला जोडून ठेवा. ग्राहक आयोगाकडे तक्रार करायची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे.