क्लच कव्हर फुटले: एपॉक्सी, ॲल्युमिनियमची रॉड की आर्गॉन वेल्डिंग?

दापोलीहून गुहागरला जाताना शेवाळलेल्या जांभ्यावर मोटारसायकल आडवी झाली, की मार बसतो तो बहुधा इंजिनाच्या बाजूच्या क्लच कव्हरला. तडा केसाएवढा असला तरी तेल टपकू लागते. आधी एवढेच पाहा: फुटलेल्या भागाला नुसते तेल धरायचे आहे, की भार पेलायचा आहे? अलॉय व्हील, फोर्कचा क्लॅम्प, ब्रेक कॅलिपर, फूटरेस्टचा ब्रॅकेट हे रस्त्यात जोडूच नका, गाडी सरळ टेम्पोत घाला. लिव्हरही चिकटवू नका, क्लच आणि ब्रेकचा एकेक जादा सोबत ठेवा.

कव्हरसाठी पहिली पसंती दोन भागांच्या एपॉक्सीला, म्हणजे दोन घटक मिसळले की घट्ट होणाऱ्या लांबीला. साधी एम-सील कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते, पण इंजिनातले तेल शंभर अंशांच्या आसपास तापते. म्हणून पाकिटावर किमान १५० अंश सेल्सिअस लिहिलेली, धातूची पूड असलेली एपॉक्सी घरूनच न्या. तेल स्वच्छ कॅनमध्ये काढा. तडा पेट्रोलने धुवा, रंग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून कोरा धातू उघडा पाडा, मग ॲसिटोनने पुसा. थोडा वेळ थांबा: तड्यात मुरलेले तेल पुन्हा पाझरते, ते परत पुसा. जोड सुटतो तो बहुतेक वेळा इथल्या घाईमुळे. पहिला पातळ थर बोटाने तड्यात दाबून भरा, त्यावर ३-४ मिलिमीटरचा थर, दोन्ही बाजूंना किमान २ सेंटीमीटर पसरलेला. पाकिटावरचा वेळ पूर्ण द्या, शक्यतो रात्रभर.

ॲल्युमिनियम जोडायची, कमी तापमानाला वितळणारी जस्तमिश्रित रॉड प्रवासात फारशी कामाची नाही. ती ३९० अंशांच्या आसपास वितळते, पण तेवढे तापायला हवे ते कव्हर, आणि कव्हर उष्णता चटकन पसरवते. छोटा गॅस टॉर्च पुरत नाही. कव्हर न उतरवता हा प्रयोग केला, तर तेल-पेट्रोल पेटण्याचा धोका.

टिकाऊ काम आर्गॉनचे, म्हणजे आर्गॉन वायूच्या आवरणात केलेल्या वेल्डिंगचे. मात्र गावातल्या ग्रिल-गेटवाल्याच्या साध्या वेल्डिंग मशीनवर ते होत नाही: ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, वरचा ऑक्साइडचा पापुद्रा मात्र दोन हजारांच्याही वर. तो फोडायला एसी टिग मशीन, म्हणजे एसी प्रवाहावर चालणारे आर्गॉन वेल्डिंगचे मशीन लागते. खेर्डी, लोटे, मिरजोळे, कुडाळ या औद्योगिक वसाहतींत आधी फोनवर विचारा. कव्हर उतरवून, तेल पूर्ण काढूनच द्या, नाहीतर जोडात बुडबुडे राहतात. तड्याच्या दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरचे भोक पाडून घ्या, म्हणजे तडा पुढे सरकत नाही. उष्णतेने कव्हरचा काठ वाकतो. तो जाड काचेवर ठेवून तपासा आणि गॅस्केट (कव्हरखालची तेल अडवणारी पट्टी) नवेच घाला.

आर्गॉनवाला तासाभराच्या अंतरावर असेल आणि गाडी टेम्पोतून नेता येत असेल, तर एपॉक्सी लावूच नका. ती खरवडून काढण्यात वेळ जातो आणि उरलेला कण वेल्डिंगमध्ये जळून जोड सच्छिद्र होतो. आर्गॉनवाला लांब असेल तर एपॉक्सीवर निघा, पण पहिल्या १० किलोमीटरवर थांबून तेलाची पातळी बघा. दाभोळ-धोपावे फेरीबोटीच्या रांगेत पुन्हा बघा, आणि लिटरभर तेल जवळ असू द्या.