स्टुटगार्टात राहायचं तर वेगेतली खोली की रिकामा फ्लॅट?

गणपतीला बेळगावात, अनगोळला आलो होतो. आरती झाली आणि शेजारच्या पोरानं मला कोपऱ्यात गाठलं. नोव्हेंबरात त्याला स्टुटगार्टात नोकरीवर हजर व्हायचंय. "काका, खोली बघू की फ्लॅट? खरं काय ते सांगा ओ." खिरापत खात खात मी तेव्हा अर्धवटच काहीतरी बोललो. हे उरलेलं.

मी इथल्या उद्यमबागेतल्या मशीनशॉपमधून तिकडे गेलो. पहिली दीड वर्षं 'वेगे'त काढली, म्हणजे तिघांच्या सामायिक घरातल्या एका खोलीत, आणि मग एकट्याचा फ्लॅट भाड्यानं घेतला. भाड्याचे आकडे, बँक, व्हिसा हे तुम्ही माझ्याआधीच पाठ केलं असणार. मी फक्त घरातलं बोलतो.

वेगेत बॅग टेकवली की संसार सुरू. चमचा, तवा, व्हॅक्यूम, वॉशिंग मशीन, सगळं आधीच्या लोकांनी जमवून ठेवलेलं. फ्लॅटला 'रिकामा' म्हणतात तेव्हा तो किती रिकामा असतो ते आपल्याला इथं बसून कळत नाही. मी किल्ली घेऊन आत गेलो तर छतातून नुसत्या वायरी लोंबत होत्या आणि स्वयंपाकघराच्या जागी चार भिंती अन् पाण्याचा नळ. ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही. तिकडे पुष्कळ भाडेकरू स्वयंपाकघर उचकटून बरोबर नेतात, नाहीतर पुढच्याला विकतात. मला हे ठाऊक नव्हतं. प्लगवर चालणारी एक प्लेटची शेगडी जमिनीवर ठेवून वीस-बावीस दिवस पिठलं-भात केला, भांडी न्हाणीघराच्या बेसिनमध्ये घासली. फ्लॅट बघायला जाल तेव्हा आधीचा माणूस ओटा-शेगडी ठेवून जाणार का, हे पहिल्याच भेटीत विचारा.

डिपॉझिटही लागतं. कायद्यानं ते मूळ भाड्याच्या, म्हणजे हीटिंग वगैरे धरायच्या आधीच्या भाड्याच्या, तीन महिन्यांपेक्षा जास्त मागता येत नाही, आणि तीन हप्त्यांत देता येतं. टीव्ही-रेडिओची वर्गणी महिन्याला १८.३६ युरो. टीव्ही नसला तरी भरायची. ती माणशी नसते, घरटी असते, त्यामुळे वेगेत तिघांत वाटली जायची आणि आता सगळी माझ्याच बोडक्यावर. जिना झाडण्याची पाळीही तशीच. त्या भागात तिला केअरवोखे म्हणतात, पाळी आली की दारावर पाटी येऊन लटकते. आईला व्हिडिओ कॉलवर झाडू हातात दिसला तेव्हा ती इतकी खूश झाली की काय सांगू.

वेगेचा खरा फायदा मात्र सामान नव्हे. तो म्हणजे पत्रं. जर्मनीत अजून सगळं कागदावर येतं आणि पत्राच्या पेटीत पडतं. असं पत्र पुढे केलं की माझ्या वेगेतली मुलगी चहाचा कप खाली न ठेवता ते वाचून सांगायची, "काही नाही, गुरुवारी दोन तास पाणी बंद आहे." मी तोवर घामाघूम. आपल्या बेळगावच्या माणसाला हे नवं नाही म्हणा. शेताचा उतारा कन्नडात येतो, आणि आमचे आजोबा तो घेऊन पलीकडच्या गल्लीतल्या मास्तरांकडे जायचे. वेगेत तो मास्तर तुमच्या शेजारच्या खोलीतच असतो. ज्याचं जर्मन कच्चं आहे त्यानं हे हलक्यात घेऊ नये.

खोली घेताना एक गोष्ट पक्की करा. त्या पत्त्यावर आनमेल्डुंग, म्हणजे राहण्याची नोंदणी, करता येईल का? राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची असते आणि घरमालकाचं पत्र लागतं. पोटभाड्यानं खोली देणारे काहीजण ते द्यायला टाळतात. अशी खोली कितीही स्वस्त असली तरी नको.

आता माझं कशावरून बिनसलं ते. ऐकून हसाल.

गावाकडून निघताना आईनं संकेश्वरी मिरची दिली होती. आमटीला वरून फोडणी, लसूण आणि दोन मिरच्या, त्याशिवाय मला जेवल्यासारखं वाटत नाही. वेगेत स्वयंपाकघराचं दार पॅसेजमध्ये उघडायचं, पॅसेजमध्ये खुंट्या, आणि खुंट्यांवर तिघांचे थंडीचे लोकरीचे कोट. लोकर वास कशी धरते ते कपाटातल्या डांबरगोळीला विचारा. ठसका लागला म्हणून कुणी कधी बोललं नाही. पॅसेजमधला धुराचा अलार्म एकदा कोकलला, तेव्हाही सगळे हसलेच. उलट बेळगाव बासमतीचा भात शिजायला लागला की तीच मुलगी दारात येऊन उभी राहायची, काय सुंदर वास आहे म्हणायची. पण एका सोमवारी बघतो तर तिचा कोट खुंटीवर नाही. तिनं तो आपल्या खोलीत नेला होता. पुढच्या आठवड्यात दुसऱ्याचाही गेला. खुंट्यांवर माझा एकट्याचा कोट.

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भांडण मिटवता येतं. न बोललेल्या कोटाचं काय करणार? मी त्यांच्या वेळा बघून फोडणी द्यायला लागलो. ती जिमला गेली की लसूण सोलायचा, तो शनिवारी गावी गेला की झुणका. जानेवारीत खिडकी सताड उघडून कुडकुडत आमटी ढवळायची, आणि वर हीटिंगचं बिल तिघांचं म्हणून मनात चुटपुट. हळूहळू आठवड्यातले चार दिवस मी ब्रेड-चीज खायला लागलो. कुणी सांगितलं नव्हतं, माझं मीच.

फ्लॅट शोधायला निघालो ते एवढ्यासाठी. मित्रांना मी जागा लहान पडते म्हणून सांगितलं.

माझा अनुभव सगळ्यांना लागू होईल असं मी म्हणणार नाही. वेगेत आपल्याकडचीच पोरं असतील तर कोटाचा प्रश्नच नाही, पण मग जर्मन पत्रं वाचणार कोण? ज्याला कोशिंबीर-भातावर चालतं त्यानं खुशाल वेगेत राहावं, दोन पैसे गाठीला लागतील. भाषा नसेल तर पहिले सहा महिने वेगेतच काढावेत असंही मी म्हणेन. पण सहा म्हणजे सहा. मी एक वर्ष उगाच जास्त राहिलो. आणि घर सोडायची नोटीस तीन महिन्यांची असू शकते, तेव्हा शोध तिसऱ्या महिन्यातच सुरू करावा.

आता फ्लॅटमध्ये रात्री नऊलाही फोडणी देतो. पत्रं साठवतो आणि शनिवारी जुन्या वेगेत घेऊन जातो. तीच मुलगी वाचून देते, मी डब्यातून भात नेतो. गेल्या हिवाळ्यात ऑफिसातला एकजण लिफ्टमध्ये माझ्याकडे वळून म्हणाला, "आज लसूण?" त्या दिवसापासून माझाही कोट मी झोपायच्या खोलीत टांगतो.