बिडाच्या वेल्डिंगचे निकेल रॉड : घरच्या वर्कशॉपमधील परीक्षण

आमच्या जुन्या इंग्रजी लिस्टर धाटणीच्या, मिनिटाला ६५० फेरे घेणाऱ्या डिझेल इंजिनाच्या क्रँककेसचा, म्हणजे फिरता दांडा सामावणाऱ्या बिडाच्या (कास्ट आयर्नच्या) पेटीचा, एक पाय हलवाहलवीत बोल्टच्या भोकापाशी तुटला आणि तिथून एक बारीक चीर वर भिंतीत शिरली. या इंजिनाचे सुटे भाग राजकोटहून आजही येतात. पण क्रँककेस बदलायचा म्हणजे सारे इंजिन सोडवणे आले. म्हणून घरच्या लहान इन्व्हर्टर वेल्डिंग मशीनवर तो पाय जोडताना २.५ मिमीचे दोन प्रकारचे निकेल रॉड वापरले. हे परीक्षण त्या रॉडचे आहे, कोणत्याही एका कंपनीचे नाही.

पुड्यावर 'ईएनआय-सीआय' लिहिलेला रॉड जवळजवळ शुद्ध निकेलचा असतो, तर 'ईएनआयएफई-सीआय' हा साधारण निम्मे निकेल आणि बाकी बहुतांशी लोखंड असलेला, त्यामुळे स्वस्त आणि अधिक मजबूत. करड्या बिडात अडीच ते चार टक्के कार्बन असतो. साध्या स्टीलच्या रॉडने बीड सांधले तर हा कार्बन सांध्यात ओढला जातो, सांधा काचेसारखा कडक होतो आणि थंड होताना कडेने तडकतो. निकेल मात्र कार्बनला बांधून ठेवत नाही, तो ग्राफाइटच्या रूपात मोकळा पडतो. म्हणून सांधा मऊ राहतो आणि आकसण्याचा ताण काहीसा सोसतो. पैसे मोजायचे ते या गुणासाठी.

पुड्यावर न लिहिलेली गोष्ट अशी की रॉड कितीही चांगला असला तरी तेल प्यालेल्या बिडापुढे त्याचे काही चालत नाही. क्रँककेस वर्षानुवर्षे तेलात असतो आणि ते तेल बिडाच्या आतपर्यंत मुरलेले असते. डिझेलने धुऊन, ग्राइंडरने ६० ते ७० अंशांची 'व्ही' खाच पाडूनही पहिल्या थराला बारीक भोके पडली. तो थर घासून काढला, ब्लो-लॅम्पने जागा शेकून तेल जाळले आणि वायर ब्रश मारून पुन्हा थर दिला, तेव्हा कुठे धातूने बीड धरले. भिंतीतली चीर नेमकी कुठे संपते हे डोळ्यांनी दिसत नव्हते. त्यावर रॉकेल लावून पुसले आणि खडू फासला, तेव्हा ओली रेघ उमटली. तिच्या टोकाला ३ मिमीचे भोक पाडले, नाहीतर वेल्डिंगच्या उष्णतेने चीर पुढे सरकते.

खाचेच्या बाजूंना शुद्ध निकेलचा थर आणि वरचा भराव निकेल-लोखंडाचा, अशी विभागणी केली. ७० अँपिअरच्या आसपास दोन्ही रॉड शांतपणे जळतात, वरची मळी (स्लॅग) सहज निघते. एका वेळी इंचभरच वेल्ड, लगेच गोल तोंडाच्या हातोडीने हलके ठोकणे, आणि जागा हाताला सोसेल इतकी निवल्याशिवाय पुढचा तुकडा न टाकणे, हा क्रम मोडता येत नाही. घाई असणाऱ्याने हे काम हाती घेऊच नये. बोल्टचे भोक पुन्हा पाडताना साधे हायस्पीड ड्रिल भरावातून सरळ गेले. मूळ बीड आणि भराव यांच्या सीमेवर मात्र ते थोडे घसरले, कारण तिथले बीड तापून कडक झालेले असते. तो दोष कोणत्याच रॉडने पूर्ण जात नाही.

किंमत ही मोठी अडचण. किलोचा भाव साध्या रॉडच्या कित्येक पट असल्याने अनेक दुकानांत हे रॉड सुटे, नगावर मिळतात. पण उघड्यावर पडलेला सुटा रॉड दमट असतो आणि सांध्यात भोके पाडतो, तेव्हा तो आधी भट्टीत वाळवून घ्यावा. एकच प्रकार घ्यायचा असेल तर जाड भागांसाठी आणि फॉस्फरस जास्त असलेल्या जुन्या ओतकामासाठी मी निकेल-लोखंडाचा घेईन. पातळ भिंतीसाठी किंवा नंतर ड्रिल, फाइल चालवायची असेल तिथे शुद्ध निकेलचा. सतत तापणाऱ्या-निवणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डला (इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या भागाला) दोन्हींपैकी एकही घरी वापरण्याची शिफारस मी करणार नाही. तो भाग सबंध तापवून वेल्ड करणाऱ्या कारागिराकडे द्यावा, किंवा सरळ नवा घ्यावा.