जपानी सुपर फॅमिकॉम सांगलीच्या २३० व्होल्टवर: काही महिन्यांच्या वापरानंतर

निन्टेंडोचं सुपर फॅमिकॉम हे टीव्हीला जोडून खेळायचं गेमचं मशीन जपानमध्ये नोव्हेंबर १९९० मध्ये आलं. आज ते जुनं मागवून सांगलीत लावायचं म्हटलं की बहुतेकांना काळजी लागते ती पाल आणि एनटीएससीची, म्हणजे आपली आणि जपानची टीव्ही-सिग्नलची पद्धत वेगळी असल्याची. पण मशीन जगणार की नाही हे ठरतं अडॅप्टरवर. चित्राचा घोळ नंतर निस्तरता येतो, चुकीच्या अडॅप्टरने मात्र पहिल्याच मिनिटाला काम तमाम होऊ शकतं. उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही धरून वापरल्यावर मत असं झालंय: यंत्र कमालीचं दणकट आहे. त्रास होतो तो वीज, टीव्ही आणि कॅसेटच्या (गेमच्या कार्ट्रिजच्या) पिना या तीन ठिकाणी. पैसे घालायचेच असतील तर चित्रासाठी घालावेत, मूळ अडॅप्टर चालवण्याच्या खटपटीसाठी नाही.

मूळ अडॅप्टरचा नंबर एचव्हीसी-००२. इनपुट १०० व्होल्ट एसी, आउटपुट १० व्होल्ट डीसी, ८५० मिलिअँपिअर. त्याच्या पिना चपट्या असतात. बाजारात मिळणारा प्लग बदलायचा तुकडा लावला की तो आपल्या सॉकेटमध्ये आरामात बसतो आणि घात तिथेच होतो. तो तुकडा फक्त पिनांचा आकार बदलतो. आत जातात ते पूर्ण २३० व्होल्टच. आतला लोखंडी ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि जळण्याआधी दुपटीहून जास्त व्होल्टेज मशीनमध्ये ढकलू शकतो.

स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घेतला तर चालतं, पण आपल्याकडे सहज मिळतो तो २३० ते ११० चा. म्हणजे जपानच्या १०० व्होल्टपेक्षा सुरुवातीलाच १० टक्के जास्त. रात्री भार कमी झाला आणि लाइन २५० ला गेली की पलीकडे १२० च्या आसपास मिळतात. मूळ अडॅप्टर गरम होतो, गुणगुणतो. त्यात घरचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर लाइट गेल्यावर ती गुणगुण आणखी वाढते. एवढं जड लोढणं वागवण्यात काही अर्थ नाही. मूळ अडॅप्टर खोक्यात नीट जपून ठेवा, मशीन विकायची वेळ आली तर उपयोगी पडेल.

त्याऐवजी ९ व्होल्टचा, किमान १ अँपिअरचा, १०० ते २४० व्होल्टवर चालणारा साधा एसएमपीएस (मोबाइल चार्जरसारखा हलका) अडॅप्टर घ्या. मशीनच्या आत ७८०५ रेग्युलेटर आहे. तो येईल त्या व्होल्टेजमधून ५ व्होल्ट काढतो आणि उरलेलं उष्णता म्हणून फेकतो. प्रवाह अर्धा अँपिअर धरला तर १० व्होल्टला अडीच वॅट उष्णता होते, ९ व्होल्टला दोन आणि १२ व्होल्टला साडेतीन. म्हणून राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर ‘चालतोय की’ म्हणून लावू नका. एप्रिल-मेमध्ये खोलीचं तापमानच चाळिशीकडे असतं, तेव्हा हा एक-दीड वॅटचा फरक मशीनच्या पाठीला हात लावला की कळतो. उलट ७.५ व्होल्टही नको. ७८०५ ला स्वतःसाठी ५ च्या वर साधारण दोन व्होल्ट जास्तीचे लागतात. साडेसातमध्ये ते जेमतेम मिळतात, आणि वायरीत थोडं व्होल्टेज पडलं की चित्र थरथरतं किंवा गेम मध्येच रिसेट होतो.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. सुपर फॅमिकॉमचा जॅक दिसायला नेहमीचाच आहे, ५.५ बाय २.१ मिलिमीटर. पण मध्यभागी निगेटिव्ह आणि बाहेरच्या पत्र्याला पॉझिटिव्ह. आपल्या घरातले राउटर, सेट-टॉप बॉक्स, सीसीटीव्ही यांचे अडॅप्टर जवळपास सगळे मध्यभागी पॉझिटिव्ह. ते बसतात घट्ट, पण उलटे पडतात. असं झालं तर बहुधा आतला छोटा फ्यूज उडतो आणि बाकीचं वाचतं. तरी त्या नशिबावर विसंबू नये.

मध्यभागी निगेटिव्ह असलेला ९ व्होल्टचा अडॅप्टर तयार मिळतो तो गिटारवाल्यांकडे. इफेक्ट पेडलला नेमका हाच लागतो. मिरज सतार-तंबोऱ्याचं गाव, त्यामुळे वाद्यांच्या दुकानात विचारायला लांब जावं लागत नाही. नसला तर मागवून घ्या. फक्त अँपिअर बघून घ्या, कारण पेडलचे कित्येक अडॅप्टर ५०० मिलिअँपिअरच्या आत असतात आणि ते इथे पुरत नाहीत. दुसरा मार्ग म्हणजे ९ व्होल्ट २ अँपिअरचा साधा अडॅप्टर घेऊन वायर मधोमध कापायची, दोन तारा अदलाबदल करून डाग द्यायचे आणि वर हीटश्रिंक नळी चढवायची. मशीनला लावण्याआधी मल्टिमीटरची लाल तार प्लगच्या भोकात आणि काळी बाहेरच्या पत्र्याला लावा. पडद्यावर उणे ९ दिसलं तरच पुढे जा. त्या अडॅप्टरवर मार्करने मोठ्ठी खूण करा, नाहीतर घरातलं कुणीतरी तो राउटरला लावेल. प्लगचं भोक २.५ मिलिमीटरचं असेल तर तो ढिला बसतो आणि कंट्रोलरच्या वायरीला हिसका बसला की गेम बंद पडतो, हेही आधी तपासा.

वीज जाण्याचं म्हणाल तर राउटरसाठीच्या मिनी यूपीएसला ९ व्होल्टचं आउटपुट असतं. तारा उलटवून ते सुपर फॅमिकॉमला उत्तम चालतं. टीव्ही इन्व्हर्टरवर आणि मशीन मिनी यूपीएसवर, अशी जोडणी पावसाळ्यात फार सोयीची पडते.

एक गैरसमज इथेच काढून टाकायला हवा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून जपानी मशीन हळू चालेल असं पुष्कळ लोक सांगतात. तसं अजिबात नाही. गेमचा वेग ठरतो आतल्या २१.४७७ मेगाहर्ट्झच्या घड्याळावर. खुद्द जपानमध्ये पूर्वेकडे ५० आणि पश्चिमेकडे ६० हर्ट्झ वीज आहे आणि मशीन दोन्हीकडे तेच. सांगलीतही ते सेकंदाला ६० चित्रंच देतं. युरोपची पाल आवृत्ती ५० हर्ट्झवर चालते आणि तिच्यात बरेच गेम सुस्तावलेले असतात, म्हणून जपानी मशीन घेणं हाच शहाणपणाचा निर्णय आहे.

आता चित्र. मागे आरएफची (अँटेनाच्या वायरीतून चित्र देणारी) जागा आणि चॅनेल १-२ चं बटण आहे, त्याच्या नादी लागू नका. जपानी पद्धतीत आवाजाचा वाहक चित्रापासून ४.५ मेगाहर्ट्झवर असतो, आपल्याकडे ५.५ वर. शोधत बसलात तर एखादं चित्र सापडेलही, पण आवाजाऐवजी खरखर येईल. वापरायचं ते १२ पिनांचं मल्टी एव्ही आउट. त्यात कंपोझिट (पिवळ्या पिनेचं साधं चित्र), एस-व्हिडिओ (रंग आणि उजेड वेगळे), आरजीबी (तिन्ही रंग वेगळे) आणि स्टिरिओ आवाज सगळं आहे. निन्टेंडो ६४ आणि गेमक्यूबची कंपोझिट केबल इथे जशीच्या तशी लागते. नंतर १९९८ मध्ये आलेल्या छोट्या सुपर फॅमिकॉम ज्युनिअरमधून मात्र एस-व्हिडिओ आणि आरजीबी काढून टाकलेत, म्हणून मागवताना जुना मोठा साचाच निवडा.

जुना डबा टीव्ही (काचेच्या पिक्चर ट्यूबचा) मिळत असेल तर आधी तोच लावून बघा. मेनूमध्ये कलर सिस्टीम ‘ऑटो’वर असते, ती एनटीएससी ३.५८ वर ठेवा. शेजारी ४.४३ चाही पर्याय असतो, तो निवडला तर चित्र स्थिर पण काळं-पांढरं येतं, आणि माणूस उगाच मशीनला दोष देतो. टीव्ही फक्त पालचा असेल तरी हेच होतं, आणि कधी चित्र वर-खाली पळतं. २००० च्या आसपासच्या आणि नंतरच्या बऱ्याच रंगीत टीव्हींना एनटीएससी चालतं, कित्येकांना एस-व्हिडिओची गोल जागाही असते. भंगारवाल्याकडे असा संच मिळाला तर डीव्हीडी प्लेअर एनटीएससीवर ठेवून तिथेच तपासा. आणि डबा टीव्ही घरी उघडू नका. ट्यूबच्या ॲनोडवर हजारो व्होल्ट असतात, वायर काढून ठेवल्यानंतरसुद्धा. ते काम जाणकार मेकॅनिकचं.

डब्यावर हे यंत्र जसं दिसतं तसं दुसरीकडे कुठेच दिसत नाही. कारण ते २५६ बाय २२४ चं चित्र एकाआड एक ओळी न गुंफता पाठवतं, आणि डबा ते आलं तसं लगेच रेखाटतो. नवा एलईडी टीव्ही याच सिग्नलला ४८०आय समजतो आणि ओळी गुंफल्यात असं धरून त्या उसवायला बसतो. त्यात तीन गोष्टी बिघडतात. कडा फेसाळतात, बटण दाबणं आणि उडी यांत जाणवण्याइतका उशीर होतो, आणि मार बसल्यावर लुकलुकणारं पात्र किंवा एका फ्रेमआड दाखवलेली सावली कधी पूर्ण गायब होते, तर कधी पट्ट्यापट्ट्यांची दिसते. गेम मोड लावल्याने उशीर थोडा कमी होतो, बाकीचं तसंच राहतं.

बऱ्याच नव्या टीव्हींना तीन रंगांच्या जागा नसतात, एकच ३.५ मिलिमीटरचं भोक असतं. त्यासाठीच्या केबलमध्ये पिनांचा क्रम प्रत्येक कंपनीचा वेगळा. चुकीची केबल लागली तर स्पीकरमधून भुणभुण येते आणि पडदा काळा राहतो, कारण चित्राचा सिग्नल आवाजाच्या वाटेने गेलेला असतो. अशा वेळी पिवळी पिन लाल किंवा पांढऱ्या जागी लावून बघा, बऱ्याचदा काम होतं.

स्वस्तातला एव्ही ते एचडीएमआय डबा घेऊ नका. तो तीच उसवाउसवी करतो, वर चित्र १६:९ ला ताणतो. त्यापेक्षा रेट्रोटिंक २एक्ससारखा लाइन डबलर घ्या. तो २४० ओळी ओळखतो, प्रत्येक ओळ दोनदा काढून ४८०पी देतो आणि उशीर जवळपास शून्य ठेवतो. खर्च जुन्या मशीनच्या किमतीला भिडू शकतो, तरी एलईडीवर खेळणार असाल तर हा खर्च टाळू नये असं ठाम मत आहे. सोबत एस-व्हिडिओ केबल हवीच. कंपोझिटमध्ये लाल रंगाच्या कडा ओघळतात, एस-व्हिडिओत अक्षरं सुटी होतात. टीव्हीवर चित्राचा आकार ४:३ ठेवा. मशीनचा वेग नेमका ६० नसून ६०.०९८८ हर्ट्झ आहे, आणि त्याच्या सिग्नलमध्ये एका फ्रेमआड एक ओळ किंचित आखूड असते. एखादा टीव्ही त्यावर रुसतो आणि दर थोड्या वेळाने पडदा काळा करतो. तो दोष केबलचा नाही.

आरजीबीच्या वाटेला आपल्याकडे जाण्यात फारसा अर्थ नाही, टीव्हींना स्कार्ट, म्हणजे आरजीबी घेणारी युरोपातली जागाच नसते. गेलातच तर केबल एनटीएससी मशीनची, म्हणजे तिन्ही रंगांच्या तारांत २२० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर असलेली घ्या. पालची केबल वेगळी असते आणि तिच्यावर चित्र अंधारं येतं.

कॅसेटचं सोपं आहे. जपानी कॅसेट चालणारच. अमेरिकन कॅसेटमधली लॉक चिप (कॅसेट कुठल्या भागातली ते तपासणारी) जपानी मशीनशी जुळते, पण तिचा चौकोनी साचा या खाचेत बसत नाही. युरोपच्या कॅसेटचं उलटं: आकार तोच, पण चिप वेगळी असल्याने मशीन नकार देतं.

चालू करून पडदा काळा आला तर आधी लाल दिवा बघा. दिवाच नसेल तर अडॅप्टर किंवा फ्यूज. तळाचे स्क्रू ४.५ मिलिमीटरच्या गेमबिटने (या खास स्क्रूंसाठीच्या पान्याने) उघडतात. फ्यूज दीड अँपिअरचा असतो, मल्टिमीटरवर बीप वाजला नाही तर गेला. तो तारेने जोडून टाकण्याचा शॉर्टकट कुणी सुचवला तर ऐकू नका. दिवा आहे आणि पडदा काळा, तर बहुतेक वेळा पिना. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कानकाडीवर घेऊन कॅसेटच्या पिना पुसा, काडी काळी यायची थांबेपर्यंत. काळपट थर जुना असेल तर मऊ पांढरं खोडरबर हलक्या हाताने. पॉलिश पेपर नको, पिनांवरचा सोन्याचा थर जातो. तोंडाने फुंकणं तर बंदच करा, त्यातली ओल पुढे पिनांना खाते. साधे गेम चालतात आणि स्टार फॉक्स तेवढा चालत नाही, असं झालं तर दोन्ही टोकांच्या पिना घासा. ६२ पैकी मधल्या ४६ सगळे गेम वापरतात. बाकीच्या १६ सुपर एफएक्ससारख्या जादा चिपवाल्या कॅसेटसाठी आहेत आणि वर्षानुवर्षं न घासल्याने त्यांच्यावर थर साचतो. चित्र आहे पण आवाज नाही, असं सुरुवातीच्या मशीनमध्ये झालं तर आतलं आवाजाचं सुटं मोड्यूल काढून परत दाबून बसवा.

सेव्ह होणाऱ्या कॅसेटमध्ये सीआर२०३२ सेल असतो. तीस वर्षांनी तो मेलेला असेल असंच गृहीत धरा. कॅसेट ३.८ च्या गेमबिटने उघडते. सेल पट्ट्या जोडलेला मिळतो तोच घ्या. नुसत्या सेलला डाग देऊ नये, उष्णतेने तो फुगतो, फुटूही शकतो. जुना सेल काढला की आधीचे सेव्ह पुसले जातात. बोर्डवरची अधिकची खूण बघून नवा लावा, तीन व्होल्टच्या आसपास दाखवतो का ते तपासा आणि मगच झाकण लावा.

मागवताना कस्टम ड्यूटी फक्त मशीनच्या किमतीवर नाही, पोस्टेज आणि विमा धरून लागते. म्हणून तीन-चार कॅसेट आणि मशीन एकाच पार्सलमध्ये आणलेलं बरं. ‘भेट’ असं लिहून घेतल्याने सूट मिळत नाही. जपानी विक्रेत्याने ‘जंक’ लिहिलेलं मशीन स्वस्त असतं आणि कित्येकदा फक्त पिना पुसून चालतं; पण वर्णनात दिवा लागत असल्याचा फोटो असेल तरच घ्या.

पावसाळ्यात, खास करून साताऱ्याच्या पश्चिमेला घर असेल तर, कॅसेट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि पुड्या निळ्याच्या गुलाबी झाल्या की वाळवा. मशीन उन्हाच्या खिडकीपासून लांब ठेवा, त्याचं राखाडी प्लास्टिक उन्हाने पिवळं पडतं. वरून कापडाचं आच्छादन चालेल, पण खेळताना आणि खेळून झाल्यावर अर्धा तास ते काढून ठेवा, म्हणजे रेग्युलेटरची उष्णता आत कोंडत नाही.