‘हे आत्ता नेऊ नका, काकू’ म्हणणारी रोपवाटिका

मे महिन्याच्या शेवटी मी या रोपवाटिकेत यादी घेऊन गेले. बारा भाज्या होत्या तीत. काउंटरवरच्या ताईंनी यादी वाचली, माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि सात नावांवर रेघ मारली. फ्लॉवर, कोबी, गाजर, मटार, पालक, मेथी, टोमॅटो. म्हणाल्या, “हे आत्ता नेऊ नका, काकू. आपल्याकडचा पाऊस बघितलाय ना? फ्लॉवर-मटाराला थंडी लागते. मेथी-पालक जुलैत सडून जाईल. टोमॅटो मी विकीन, पण तुमचं पहिलंच वर्ष आहे, करप्यात सगळा जाईल आणि तुम्ही परत रोप लावणार नाही.” राहिल्या पाच: भेंडी, गवार, वांगी, दुधी, दोडका.

माल विकायला बसलेलं माणूस माल नेऊ नका म्हणतं, हे मला नवीन होतं. म्हणून पाच महिने थांबून, पहिला हंगाम पुरता हातात आल्यावर हे लिहायला घेतलंय. एक तक्रारही आहे, ती पुढे येईलच. तिच्यामुळेच रोपवाटिकेचं नाव घालत नाही. साताऱ्यात परसबाग करणाऱ्यांनी चार ठिकाणी विचारलं तर कळेल.

आधी माझी परिस्थिती सांगते. मी चौतीस वर्षं डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर काढली. गॅलरीत तुळस आणि कोरफड, एवढीच माझी बाग. यजमान निवृत्त झाल्यावर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी सासऱ्यांच्या जागेत छोटं घर बांधलं. मागे तीस बाय बारा फुटांची पट्टी मोकळी राहिली. तिथे भाजी करायची, हे मी डोंबिवलीच्या लोकलमध्ये उभी असल्यापासून ठरवलं होतं. पण पहार मारली तर वीतभर खाली मुरूम, आणि मुरमात बांधकामाचा चुना, विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे.

मी तिथली मूठभर माती पिशवीत घालून ताईंकडे नेली. त्यांनी ती सरळ आपल्या सासऱ्यांकडे पाठवली. रोपं तयार करण्याचं सगळं काम ते बघतात. सगळे त्यांना आबा म्हणतात. आबांनी माती ओली करून तळहातावर वळली. ती वळलीच नाही, भुसभुशीत पडली. त्यांचं म्हणणं, खाली खणत बसू नका, वर चढवा. वाफा जमिनीच्या वर एक फूट, बाजूला विटांची भिंत, सिमेंट न लावता. म्हणजे पाणी विटांच्या फटींतून निघून जाईल.

मी कोकोपीटच्या पाच-पाच किलोच्या विटा घ्यायच्या ठरवून गेले होते, कारण मोबाईलवर सगळे तेच सांगतात. आबांनी त्याही देऊ दिल्या नाहीत. कोकोपीट पाणी धरून ठेवतं, गच्चीवरच्या कुंडीत उन्हाळ्यात त्याचा उपयोग आहे, उघड्या वाफ्यात आपल्या पावसात मुळं कुजतील, असं त्यांनी समजावलं. त्याऐवजी दोन भाग पोयटा माती आणि एक भाग जुनं, काळं पडलेलं, वास न येणारं शेणखत. दहा बाय साडेतीन फुटांचे दोन वाफे झाले, त्यात साधारण पाऊण ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) माल गेला. माती त्यांच्या ओळखीच्या टेम्पोवाल्याने आणली, शेणखत त्यांच्याच गोठ्यातलं. माती, खत आणि वाहतूक मिळून साडेचार हजार रुपये गेले. हा खर्च एकदाच होणारा आहे. पण पहिल्यांदा करणाऱ्याने हा आकडा मनात धरूनच निघावं. बियाण्याचं पाकीट तीस रुपयांचं, म्हणून बाग तीस रुपयांत होत नाही.

शेणखत खरंच चांगलं निघालं. चाळणीने चाळलं तर ढेकूळ फार थोडं, हुमणीची एकही अळी नाही. त्याच्यात गांडुळं होती, ती ऑगस्टपर्यंत दुसऱ्या वाफ्यातही पोचली.

आता बियाणं. इथे सगळ्यांनी थोडं थांबून वाचावं असं मला वाटतं. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात उगवणक्षमता, चाचणीची तारीख आणि किती तारखेपर्यंत वापरायचं ते छापलेलं असतं. 1966 च्या बियाणे कायद्याखाली त्या लेबलाचे नियम आहेत. मला हे काहीच ठाऊक नव्हतं. ताईंनी पाकीट उलटं करून दाखवलं. भेंडीसाठी किमान 65 टक्के उगवण धरलेली आहे, म्हणजे शंभरातल्या पस्तीस बिया नाही उगवल्या तरी बियाणं कायद्याने ठीकच. “म्हणून एका जागी दोन टोबा, काकू, नि एक उपटा.” घरी मी वीस बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या. पाचव्या दिवशी सतरांना मोड होते. तो रुमाल मी यजमानांना दाखवला, शेजारच्या वहिनींना दाखवला, मुलीला फोटो पाठवला.

भेंडीचं वाण परभणी क्रांती. परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेलं हे सरळ वाण आहे, संकरित नाही, त्यामुळे बी धरून पुढच्या वर्षी लावता येतं. शिवाय पिवळ्या शिरांच्या रोगाला, हळद्याला, टिकावं म्हणून ते निवडून काढलंय. ताईंकडे चकचकीत पाकिटातलं महाग संकरित बियाणंही होतं, पण नवख्या माणसाला त्यांनी हेच दिलं. मृग लागल्यावर तिसऱ्या दिवशी टोबलं. अठरा झाडं ठेवली. दोन झाडांची पानं तरीही पिवळी पडली. आबांना फोटो पाठवला, तर लगेच उत्तर आलं: उपटा, पांढरी माशी हा रोग पसरवते, औषध शोधत बसू नका. उपटली. उरलेल्या सोळा झाडांनी ऑगस्टपासून दिवसाआड भाजी दिली. दिवसाआडच तोडावी लागते, हेही मला तिथेच कळलं. एकदा दोन दिवसांसाठी डोंबिवलीला जाऊन आले, तर परत आल्यावर बोटाएवढ्या भेंड्यांच्या जागी दोरखंड लोंबत होते.

दुधीचं प्रकरण मात्र मोठं आहे. वेल मागच्या भिंतीवरून मांडवावर चढला, पानं ताटाएवढी झाली, फुलं आली आणि करंगळीएवढे दुधी पिवळे पडून गळायला लागले. रोज सकाळी मांडवाखाली चार-पाच पडलेले. मला फार वाईट वाटायचं. खत घातलं, निंबोळी पेंड घातली, काही फरक नाही. शेवटी भर पावसात रोपवाटिकेत गेले. ताईंनी पहिलाच प्रश्न विचारला, “फुलं किती वाजता बघता?” मी म्हटलं, सकाळी. त्या म्हणाल्या, दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं. घोसाळ्याचं सकाळी, दोडक्याचं आणि दुधीचं दिवेलागणीला. त्यावर येणारे पतंग संध्याकाळचेच, आणि तुमच्याकडे रोज संध्याकाळी पाऊस. येणार कोण? मग त्यांनी त्यांच्या वेलावर करून दाखवलं. लांब, बारीक देठाचं ते नर फूल. ज्याच्या मागे छोटासा दुधी असतो ते मादी. नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या आणि मधला भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवायचा.

त्या दिवसापासून मी देवापुढे दिवा लावला की छत्री घेऊन मागे जाते. पहिल्या संध्याकाळी तीन फुलं केली, तिन्ही धरली. आठवड्याने दुधी मनगटाएवढा झाला. मी सासूबाईंचा सगळा स्वयंपाक शिकले, दोन मुलं वाढवली, तरी हे काम आपल्या हातून व्हावं असं मला कधी सुचलंही नव्हतं. हंगामात एकूण अकरा दुधी निघाले. पहिल्याची खीर केली आणि डबाभर रोपवाटिकेत नेऊन दिली.

दोडक्याला फळमाशी लागली. त्यासाठी त्यांनी ऐंशी रुपयांचा गंधसापळा दिला. वेलवर्गाच्या फळमाशीचा वेगळा आणि आंब्याचा वेगळा असतो, चुकीचा आणाल तर रिकामा लोंबेल, हेही सांगितलं. सापळ्यात नुसते नर अडकतात, म्हणून सोबत कोवळ्या दोडक्याला वर्तमानपत्राची पुंगळी घालायला लावली. अर्धे दोडके वाचले. गवार बिनतक्रार आली, तिच्याबद्दल वेगळं लिहिण्यासारखं काही नाही.

आता तक्रार. मला वांगी हवी होती ती भरण्यासाठी: काटेरी देठाची, पांढऱ्या-हिरव्या रेघांची, कृष्णाकाठची म्हणतो तशी. माझ्या माहेरी कऱ्हाडला भरलं वांगं त्याशिवाय होत नाही. मी तीनतीनदा सांगून आठ रोपं आणली. जूनअखेर लावली, शेंडा सुकलेला दिसला की वीतभर खाली कापून जाळत राहिले, कारण त्यात पोखरणारी अळी असते. दोन महिने त्यांच्याकडे बघत काढले. गौरी बसायच्या आदल्या आठवड्यात पहिली फळं दिसली ती लांब, जांभळी, चकचकीत. आठच्या आठ झाडांवर. भरताला किंवा काचऱ्यांना ठीक, पण मला ती नको होती आणि तोवर नवीन रोप लावायची वेळ निघून गेली होती.

रोपं अठ्ठ्याण्णव कप्प्यांच्या ट्रेमध्ये असतात. ट्रेवर नाव खडूने लिहिलेलं असतं आणि पावसात खडू जातो. कामाला नवीन आलेल्या मुलाने शेजारचा ट्रे उचलून दिला. ताईंनी चूक लगेच मान्य केली. चोवीस रुपये परत देऊ लागल्या, ते मी घेतले नाहीत. पैशांचा प्रश्नच नव्हता. नवीन माणसाला सगळी वांग्याची रोपं सारखीच दिसतात, तो तुमच्या शब्दावर दोन महिने पाणी घालत असतो. हे मी त्यांना समोर बसून सांगितलं आणि इथेही लिहिते. ऑक्टोबरात गेले तेव्हा निम्म्या ट्रेंना पत्र्याच्या पट्ट्या आणि ऑइलपेंटची अक्षरं दिसली. निम्मे अजून खडूचेच आहेत. त्यामुळे रोप घेताना आबांना हाक मारा आणि त्यांच्या तोंडून वाणाचं नाव ऐका. पान आणि खोड बघून ते सांगतात.

हिशेब मी कालनिर्णयच्या पानांमागे ठेवलाय. भेंडी साडेसहा किलो, गवार तीन, ती जांभळी वांगी नऊ, दोडके चार किलोच्या आसपास, दुधी वर सांगितलेच. एकूण खर्च मातीसकट सहा हजार नऊशे. बाजारभावाने मोजलं तर या वर्षी पैसे वसूल झाले नाहीत. पण माती आहे तिथेच आहे, विटा आणि मांडवही.

जवळपास आणखी दोन रोपवाटिका आहेत, त्यांच्याकडे फुलझाडं आणि कुंड्या जास्त चांगल्या मिळतात. एका ठिकाणी मला जूनमध्ये फ्लॉवरची रोपं हसत हसत देत होते. भाजीसाठी मी इथेच जाईन. पाचपैकी चार तारे, एक वांग्यांचा कापला.

परवा मेथी, पालक, गाजर आणि बारा टोमॅटोची रोपं आणली. मे महिन्यात ज्या नावांवर रेघ मारली होती त्यातली ही चार. ती यादी ताईंनी काउंटरच्या काचेखाली ठेवून दिली होती, तीच काढून समोर धरली.

सोमवारी बंद असतं. गांडूळखत सुटं मिळतं, गोणी घरून न्या. आबांना भेटायचं असेल तर सकाळी दहाच्या आत जा. नंतर ते रोपांना पाणी देऊन शेडनेटच्या सावलीत आडवे होतात आणि ताई त्यांना उठवू देत नाहीत.