आठ महिन्यांनंतर .३२ पिस्तूल: चाप किती जड असावा?

बोअर, मॅगझीन, लांबी हे सगळं घेणाऱ्याला माहीतच असतं. घोडा बाहेर, पहिली ओढ डबल ॲक्शनची (चापच घोडा चढवतो आणि सोडतो), पुढच्या सिंगलच्या (घोडा आधीच चढलेला असतो). मे ते जानेवारी वापरल्यावर लिहिण्यासारखं एकच आहे, ते म्हणजे चापाचं वजन, म्हणजे चाप ओढायला लागणारा जोर. बाकी पिस्तुलाबद्दल तक्रार नाही.

नवं असताना सिंगलची ओढ २.९ किलो आणि डबलची ४.९ किलो भरली. दुकानात हातात घेणारा प्रत्येक जण पहिलं वाक्य बोलतो, "चाप फार जड आहे, हलका करून घ्या." सुरुवातीला हे पटलं होतं. आता अजिबात पटत नाही.

नाशिकमध्ये पिस्तुलाच्या परवान्याआधी रेंजवर १० मीटर एअर पिस्तूल हाताळलेले बरेच जण असतात. त्या स्पर्धेत चापाचं किमान वजन ५०० ग्रॅम, २५ मीटर पिस्तुलात १००० ग्रॅम. बोटाला तीच सवय लागते आणि ३ किलो म्हणजे दोष वाटतो. पण रेंजवर नेमबाज स्थिर उभा असतो, नळी कायम लक्ष्याकडे असते, कोणी अंगावर येत नसतं. स्वसंरक्षणाच्या वेळी यातलं काहीच नसतं. न कळत गोळी सुटण्याची ठरलेली तीन कारणं आहेत: दचकणं, तोल जाणं, आणि एका हाताने काही घट्ट धरताना दुसऱ्या हाताची बोटंही आवळली जाणं. तिन्हीत बोट चापावर असेल तर दीड किलोचा चाप सुटायला वेळ लागत नाही. मुळात नेम धरेपर्यंत बोट चापावर नसावंच, चापाभोवतीच्या गार्डच्या वर चौकटीला टेकलेलं असावं. चापाचं वजन त्या सवयीच्या जागी येत नाही.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. निफाड-दिंडोरीकडे शेतीला लाईट बऱ्याचदा रात्री येते. मोटार चालू करायला जायचं डिसेंबरात, पारा एक आकडी, बोटं बधिर किंवा हातमोज्यात. अशा बोटाला चापाचा पहिला मोकळा खेळ कळत नाही. थेट भार आला की कळतं, आणि तोपर्यंत हलका चाप सुटलेला असतो.

उलट टोकही चुकीचं आहे. न्यूयॉर्क पोलिसांनी आपल्या ग्लॉक पिस्तुलांना वर्षानुवर्षं सुमारे १२ पौंड, म्हणजे साडेपाच किलोची ओढ ठेवली. २०१२ मध्ये एम्पायर स्टेट इमारतीसमोर त्यांच्या गोळ्यांनी आणि उडालेल्या तुकड्यांनी नऊ वाटसरू जखमी झाले, तेव्हा या जड चापाची चर्चा पुन्हा झाली. प्रत्येक गोळीला इतका जोर लावला की नळी हलते, आणि चुकलेली गोळी कुठेतरी जातेच. माझं ठाम मत: सिंगलसाठी अडीच ते तीन किलो, डबलच्या पहिल्या ओढीसाठी साडेचार ते साडेपाच. स्वसंरक्षणाच्या पिस्तुलाचा चाप दोन किलोच्या खाली नेऊ नये.

वजन मोजायला हजारो रुपयांचं यंत्र घेतलं नाही. मेन रोडवर मिळणारा सामान तोलायचा डिजिटल काटा घेतला, तो वाया गेला. चाप सुटतो तो क्षण त्याला पकडता येत नाही, आकडा मागे राहतो. स्पर्धेत पंच वजन टांगून तपासतात, तीच रीत घरी चालते. खाद्यतेलाचा ५ लिटरचा रिकामा कॅन पुरतो.

आधी मॅगझीन काढा, स्लाइड मागे ओढा, चेंबर (नळीतली काडतूस बसण्याची जागा) डोळ्यांनी पाहा आणि बोट घालून पाहा. काडतुसं दुसऱ्या खोलीत. चेंबरमध्ये डमी काडतूस असलं तर काडतुसावर आदळणाऱ्या पिनेला मार बसत नाही. सिंगलसाठी घोडा चढवा. सायकलच्या आऱ्याचा हूक वाकवून चापाच्या मध्यावर, बोट जिथे बसतं तिथेच अडकवा. नळी सरळ छताकडे, आणि कॅन जमिनीवरून सावकाश उचला. तीन सेकंद टिकला तर १०० मिली पाणी वाढवा. घोडा पडला की कॅन किराणा दुकानात तोला. झटका दिला तर आकडा खोटा कमी येतो. हूक खाली टोकाला सरकला तरी कमी येतो, कारण तरफ लांब होते. याच पिस्तुलाचं टोकाशी माप २.४ आलं, मध्यावर २.९. "माझा चाप सव्वादोन किलोचा" असं कोणी म्हणालं तर हूक कुठे होता ते आधी विचारा.

जूनमध्ये चाप हलका करून घेतला, ती चूक. दुरुस्तीवाल्याचं नाव देत नाही. परत आलं तेव्हा १.५ किलो. बोटाला फार छान वाटलं आणि पहिल्या २५ काडतुसांत तीन फुटली नाहीत. काडतुसाच्या बुडाच्या टोपीवर पिनेचा ठसा उथळ होता. घोड्याच्या स्प्रिंगचे वेढे कापले होते, त्यामुळे मार कमी पडत होता. (काडतूस फुटलं नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून ३० सेकंद थांबा, मगच स्लाइड ओढा.) त्याहून वाईट म्हणजे सिअरची, म्हणजे चढलेला घोडा अडवून धरणाऱ्या भागाची, कड घासली होती. रिकाम्या पिस्तुलाचा घोडा चढवून अंगठ्याने मागून हलकाच पुढे ढकलला तर चापाला हात न लावता तो सुटला. ही चाचणी प्रत्येकाने करावी. घोडा असा सुटत असेल तर ते पिस्तूल भरायचंच नाही. कापलेली स्प्रिंग बदलता येते, घासलेला सिअर मात्र नवाच घ्यावा लागतो. हलका करायला दिलेले पैसे आणि पूर्ववत करायला लागलेले, दोन्ही गेले. घरी कानस घेऊन बसण्याचा तर प्रश्नच नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दुरुस्तीलाही वेगळा परवाना लागतो.

मूळ मापाची स्प्रिंग आणि नवा सिअर बसल्यावर २.८ आलं. तेव्हा लक्षात आलं की आधीही खटकत होतं ते वजन नव्हतं, चापाची खरखर होती. मोकळा खेळ संपल्यावर चाप दोन-तीनदा अडखळत सरकायचा. त्यामुळे तो आहे त्याहून जड वाटायचा. यावर उपाय साधा होता: कारखान्याचं जाड ग्रीस पुसून काढणं, पातळ तेलाचा एक थेंब, आणि डमी काडतुसावर पाचशे-सातशे वेळा चाप ओढणं. वजन फार तर ५० ग्रॅम उतरलं, पण अडखळणं जवळजवळ गेलं. हे जूनमध्येच केलं असतं तर फुकटात झालं असतं.

आचारसंहितेत पिस्तूल ठाण्यात जमा होतं. परत मिळाल्यावर माप ३.२ निघालं. तेलात धूळ बसून चिकटा झाला होता. साफ केल्यावर २.८. थंडीतही जाड तेल असंच करतं, म्हणून जमा करून परत आलेलं शस्त्र मोजल्याशिवाय कमरेला लावू नये.

कमरेचं म्यान मात्र लगेच बदलावं लागलं. पिस्तुलासोबत मऊ कापडी पाकीट मिळतं. त्याचं तोंड दुमडून चापाच्या गार्डमध्ये शिरतं. जॅकेटच्या नाडीचा प्लास्टिकचा मणीही असाच आत अडकतो, आणि पिस्तूल जोरात खाली सारलं तर २.८ किलोही पुरत नाहीत. चाप पूर्ण झाकणारं कडक चामड्याचं घ्या, म्यानात घालताना घोडा उतरवलेला आणि त्यावर अंगठा ठेवलेला असू द्या. घोडा सरकायला लागला तर अंगठ्याला लगेच कळतं.

आजचं माप सिंगल २.८, डबल ४.८. दर साफसफाईनंतर परवान्याच्या झेरॉक्समागे तारखेसह लिहून ठेवतो. सिंगल २.५ च्या खाली गेलं तर सिअर झिजतोय असं समजून तपासायला द्यायचं.