जंजिरा की सिंधुदुर्ग? समुद्र न पाहिलेल्यांसाठी बेटांची निवड

आमच्या बचत गटाची सहल म्हणजे आजवर शेगाव, माहूर आणि फार तर पंढरपूर. तीन वर्षांपूर्वी कापसाचा शेवटचा वेचा उरकल्यावर थोरल्या जाऊबाई बैठकीत म्हणाल्या, "देव लय झाले, आता समुद्र दाखवा." तेव्हापासून आमच्या दोन सहली झाल्या, एक अलिबाग-मुरूडला आणि दुसरी मालवणला. आता शेजारच्या गावच्या गटातल्या बायका विचारतात, "ताई, होडीत बसून जायचं बेट पाहिजे, पण कोणतं?" दरवेळी फोनवर अर्धा तास जातो, म्हणून एकदाचं लिहूनच काढते.

माझं माहेर भंडाऱ्याकडचं, वैनगंगेच्या काठावरचं. ढिवरांच्या डोंग्यात बसून मी मोठी झाले, त्यामुळे पाण्याचं भय मला नव्हतं. पण नदी एकाच दिशेनं वाहते. समुद्र दिवसातून दोनदा येतो आणि दोनदा जातो, हे पुस्तकात वाचलेलं असूनही आम्हाला ठाऊक नव्हतं. पौर्णिमेच्या दिवशी सकाळी अकराला आम्ही चौदा जणी अलिबागच्या किनाऱ्यावर उभ्या होतो. कुलाबा किल्ल्यावर चालत जाता येतं असं ऐकून आलो होतो आणि समोर किल्ला चारी बाजूंनी पाण्यात. एक मावशी म्हणाल्या, "काहून वं, रस्ता कुठं गेला?" रस्ता जागेवरच होता, फक्त पाण्याखाली. चूक आमचीच.

चहाच्या टपरीवरच्या म्हाताऱ्या कोळीणबाईंनी मग हिशेब शिकवला. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थीला चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा आणि अमावस्या पंधरावी धरली की सव्वाअकरा. त्याच्या साधारण सहा तास आधी आणि सहा तास नंतर ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण बेत आखायला पुरतो. पौर्णिमा-अमावस्येला उधाण, म्हणजे पाणी खूप चढतं आणि तितकंच खाली जातं. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे चढ-उतार दोन्ही कमी. आमच्या घरी भिंतीवरच्या कॅलेंडरातली तिथी पेरणीला बघतात, तीच इथं कामी येते. बेट निवडण्याआधी तारीख निवडा, हे माझं पहिलं सांगणं.

आता जंजिरा. मुरूडजवळच्या राजपुरी गावाहून शिडाच्या होड्या सुटतात. वाऱ्यावर चालणारी होडी हवी असेल, तर मी पाहिलेल्यांत ही एकच जागा. इंजिनाचा आवाज नाही. नावाडी शिडाचा दोर ओढतो, कापड फुगतं आणि होडी एका अंगावर कलते. आमच्यातल्या निम्म्या जणी तेव्हा "विठ्ठला" म्हणाल्या. वारा पडला की मग ढकलत न्यावं लागतं आणि वीस मिनिटांच्या वाटेला वेळ वाढतो. दरवाजा दोन बुरुजांच्या मधे असा दडलेला आहे की होडी पार जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. काही वेळा इंजिनाची होडीही असते, तेव्हा शीडच हवं असेल तर आधी विचारून घ्या.

किल्ला सिद्दींचा. शिवाजी महाराजांना घेता आला नाही. संभाजी महाराजांनी 1682 च्या सुमारास खाडीत भराव टाकून वाट करायचा घाट घातला, तरीही तो पडला नाही. जंजिऱ्यावर नजर ठेवायला मराठ्यांनी जवळच्या कासा बेटावर पद्मदुर्ग बांधला, तो होडीतून दिसतो. दाराशी दगडात कोरलेलं जनावर आहे, ज्याने पायाखाली हत्ती दाबून धरलेत. आत कलालबांगडी नावाची थोराड तोफ आणि गोड्या पाण्याची मोठी तळी आहेत. बायांना तोफेपेक्षा तळ्यांचंच जास्त नवल. सगळीकडे खारं पाणी आणि मधोमध गोडं! एप्रिलमध्ये टँकरच्या रांगेत उभ्या राहणाऱ्यांना त्यात काय दिसतं, ते शहरातल्या पाहुण्यांना सांगून कळणार नाही.

पण जंजिऱ्याचं दुखणंही सांगते. होडी पायरीशी टेकते तेव्हा ती वरखाली होत असते. नावाडी हात धरतात आणि "आता!" म्हटलं की पाय टाकायचा. लुगड्यातल्या आमच्या एका आत्याबाई उतरल्याच नाहीत, होडीतच बसून राहिल्या. गुडघे दुखत असतील, वजन जास्त असेल किंवा लेकरू कडेवर असेल, तर ही उडी नीट विचार करून ठरवा. भांगाच्या दिवशी पाणी त्या मानानं शांत. शिवाय होडीवाले फिरायला तासाभराच्या आसपास वेळ देतात, त्यात सगळं बघून होत नाही. आत बरीच पडझड आहे, गवत आहे, सावली थोडी. लघवीच्या सोयीवर भरवसा ठेवू नका, राजपुरीतच जाऊन या. ही गोष्ट कोणत्याही माहितीपत्रात नसते आणि चौदा बायकांना सगळ्यात आधी तीच लागते.

सिंधुदुर्गचं सगळंच वेगळं. मालवणच्या धक्क्यावरून इंजिनाची होडी दहा-पंधरा मिनिटांत कुरटे बेटावर पोचवते. शिडाची मजा नाही, आवाज आहे, डिझेलचा वास आहे. पण उतरणं त्या मानानं सोपं, आणि आमच्या त्याच आत्याबाई इथं न घाबरता उतरल्या. महाराजांनी 25 नोव्हेंबर 1664 ला पायाभरणी केली आणि तीनेक वर्षांत काम उभं राहिलं. पायाच्या दगडांत शिसं ओतलेलं. तट सुमारे तीन किलोमीटर लांब, नागमोडी. दुसऱ्याचा किल्ला बघणं आणि आपल्या राजानं पाण्यात उभा केलेला बघणं यात फरक पडतो, तो मला तरी पडला. चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे आहेत. राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं देऊळ आहे, तिथं आमच्या बायांनी ओटी भरली. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन गोड्या विहिरी. मोजकी कुटुंबं आजही किल्ल्यात राहतात, त्यांच्या अंगणात बसून ताक पिता येतं. जंजिऱ्यावर आपण भग्न वाड्यात फिरतो, इथं माणसांच्या वस्तीत. म्हाताऱ्या बायांना हेच आवडलं.

तोटा अंतराचा. मालवण आपल्याला लांब पडतं. नागपूर-मडगाव ही विशेष गाडी वर्धा, बडनेरा, अकोल्यावरून कोकणात उतरते. ती मिळाली तर कुडाळ किंवा कणकवलीला उतरून पुढे एसटी किंवा जीप. पण ती रोज नाही आणि वेळापत्रक बदलत राहतं, तिकीट काढताना बघून घ्या. नाहीतर मुंबई गाठून गाडी बदलावी लागते. येण्याजाण्यात पूर्ण दोन-तीन दिवस मोडतात. मुरूडला त्या मानानं सुटसुटीत जाता येतं. रात्रीच्या गाडीनं मुंबई, मग भाऊच्या धक्क्यावरून किंवा गेटवेवरून बोटीनं मांडवा, पुढे अलिबाग आणि मुरूड. मांडव्याची तासाभराची बोट हीसुद्धा समुद्राचीच सफर आहे. ज्यांना जंजिऱ्याच्या उडीचं भय वाटतं, त्यांची हौस तिथंच फिटते.

कुलाबा आम्हाला परतीच्या दिवशी, तृतीयेला सकाळी आठला साधला. ओलसर वाळूतून चालत गेलो, घोडागाडीही मिळते. आत रघूजी आंग्र्यांनी 1759 मध्ये बांधलेलं गणेश पंचायतन, गोड्या पाण्याची विहीर आणि गाड्यावर चढवलेल्या दोन इंग्रजी तोफा. कुलाबा हा जंजिऱ्याच्या वाटेवरचा, त्यासाठी वेगळा दिवस काढू नका, फक्त तिथी जमवा. चतुर्थी-पंचमीला ओहोटी सकाळी नऊ-दहाला येते, म्हणजे आरामात. अष्टमीला ओहोटी दुपारी बाराला येते खरी, पण भांगामुळे पाणी पुरतं हटत नाही आणि लुगडं भिजतं.

बाकीची बेटं थोडक्यात. हर्णैचा सुवर्णदुर्ग देखणा आहे, तटही शाबूत. पण तिथं जाणं म्हणजे होडी ठरवा, खडकावर उतरा, झुडपांतून वाट काढा. आत ना दुकान, ना सावली. गावातल्या पोरांनी जावं, बचत गटानं नाही. हर्णैला मासळीचा लिलाव मात्र बघण्यासारखा आहे, वास सहन होत असेल तर. खांदेरी थळच्या समोर. 1679 मध्ये इंग्रज आणि सिद्दी दोघांनाही अंगावर घेऊन महाराजांनी तिथं बांधकाम चालू ठेवलं, ती गोष्ट वाचल्यावर जावंसं वाटतंच. पण होडी आणि परवानगीची विचारपूस आधी करावी लागते, आणि पहिल्याच सहलीत एवढा खटाटोप कशाला? सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत आले, त्यामुळे गर्दी वाढणार हे गृहीत धरा. घारापुरी मुंबईत दवाखान्याचं किंवा लग्नाचं काम असेल तर. गेटवेवरून तासाभराची बोट, सोमवारी लेणी बंद, आणि पायऱ्या बऱ्याच.

हंगाम सांगायचाच राहिला. जून ते ऑगस्ट होड्या बंद. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र उघडतो, पण तेव्हा आपली सोयाबीन-पऱ्हाटीची धावपळ. दिवाळीनंतर वेचणी. आमच्यासाठी माघ बरा, कापूस विकून हातात पैसा असतो आणि समुद्रही निवांत. मे महिन्यात "इथं पंचेचाळीस डिग्री, तिथं गार वारा" या आशेनं जाऊ नका. तिथला उन्हाळा चिकट असतो, घाम वाळतच नाही. आमची झळ सोसलेली माणसंही तिथं कासावीस होतात.

तर कोणी जावं कुठं? पन्नाशीच्या आतल्या, धडधाकट, आणि चारच दिवस सुटी असलेल्या बायांनी जंजिरा घ्यावा, वाटेत कुलाबा. सासूबाई, नातवंडं, गुडघे असा सगळा संसार सोबत असेल तर आठवडा काढून सिंधुदुर्ग. दोन्ही एकाच सहलीत बसवायचा आम्ही कागदावर प्रयत्न केला होता. प्रवासच प्रवास होतो आणि किल्ल्यावर पोचेपर्यंत बाया झोपेला येतात.

आमच्या आत्याबाईंना जंजिऱ्याच्या होडीत एकटं बसून राहिल्याची चुटपूट अजून आहे. परवा त्यांनीच कॅलेंडर काढलं, माघातली अष्टमी शोधली आणि बोटं मोजून म्हणाल्या, "भांग हाय ना त्या दिवशी? मग उतरीन मी."